मैदानाला पान मिळवून देणारा

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावरील अग्रलेखाची जागा सामान्यतः राज्यकर्त्यांसाठी, पक्षनेत्यांसाठी आणि क्वचित एखाद्या थोर साहित्यिकासाठी राखलेली असते. खेळावर लिहिणाऱ्याच्या वाट्याला ती सहसा येत नाही. आयुष्यभर तो मागल्या पानांवर वावरतो आणि मृत्यूनंतरही बहुधा त्याच पानावर दोन परिच्छेदांत त्याची बोळवण होते. कै. वि. वि. करमरकर यांच्याविषयी आम्ही आज या जागी लिहीत आहोत, त्याला तसेच कारण आहे. करमरकरांनी जे काम केले ते मुंबईच्या एका दैनिकात केले हे खरे; परंतु त्या कामाची खरी गरज मुंबईपेक्षा वाशिमसारख्या गावांना अधिक होती, आणि ती आजही संपलेली नाही.

६ मार्च २०२३ रोजी, ऐन होळीच्या दिवशी, मुंबईत वयाच्या ८४व्या वर्षी करमरकर निवर्तले. ते मूळचे नाशिकचे. 'महाराष्ट्र टाइम्स'चे क्रीडासंपादक म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले आणि आकाशवाणीवरील मराठी क्रिकेट समालोचनामुळे वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांच्या घरांतही त्यांचा आवाज पोहोचला. मराठी क्रीडापत्रकारितेचे जनक असा त्यांचा उल्लेख सर्रास केला जातो. अशा पदव्या आपल्याकडे फार स्वस्त झाल्या आहेत. करमरकरांच्या बाबतीत मात्र ती पदवी कशासाठी दिली गेली हे तपासून पाहिले तर तीत अतिशयोक्ती फारशी आढळणार नाही.

१९६२ साली महाराष्ट्र राज्य जेमतेम दोन वर्षांचे होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात द्वा. भ. कर्णिक यांच्या संपादकत्वाखाली 'महाराष्ट्र टाइम्स' निघाला. पुढे १९६८ पासून १९९६ पर्यंत गोविंदराव तळवलकरांनी त्याची धुरा वाहिली. करमरकर तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे होते. त्या काळच्या मराठी दैनिकांत खेळाची बातमी असे ती उरलेल्या जागेत. कसोटी सामना असला तर तिचे मानपान होई. एरवी जाहिरात कमी पडली तर चार ओळी, आणि जाहिरात आली तर त्याही नाहीत. अशा परिस्थितीत खेळाला रोजचे एक संपूर्ण पान देण्याची कल्पना करमरकरांनी प्रत्यक्षात आणली. रोजचे, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. सामना असो वा नसो, हंगाम असो वा पावसाळा असो, पान भरावयाचे आणि ते वाचण्याजोगे भरावयाचे, ही प्रतिज्ञा करणे सोपे आणि पाळणे कठीण.

आजच्या वाचकाला या गोष्टीचे मोल चटकन ध्यानात येणार नाही. कारण वीस-वीस पानांचे अंक त्याच्या अंगवळणी पडले आहेत. त्या काळी वृत्तपत्राचा कागद सरकारी वाटपाने मिळे. १९७२-७३ च्या धोरणाने तर दैनिकांवर दहा पानांची कमाल मर्यादा घातली होती. तिच्याविरुद्ध 'टाइम्स' समूहाची मालक असलेली बेनेट कोलमन कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये न्यायालयाने ती मर्यादा अवैध ठरविली. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात हा निकाल प्रसिद्ध आहे. आम्हाला त्याची आठवण होते ती वेगळ्या कारणासाठी. जेथे पाने मोजून मिळत, तेथे त्यांतील एक पान खेळाच्या स्वाधीन करावयाचे म्हणजे राजकारण, बाजारभाव, न्यायालये आणि परदेशच्या घडामोडी यांच्या तोंडचा घास काढून तो मैदानाला द्यावयाचा. त्यासाठी संपादकाला दूरदृष्टी लागते, आणि मागणारा तितकाच खमका असावा लागतो.

ते पान मिळाल्यावर त्यात काय घालावयाचे, हा प्रश्न त्याहून मोठा होता. क्रिकेटने ते सहज भरले असते आणि त्याबद्दल कोणी तक्रारही केली नसती. करमरकरांनी क्रिकेटला त्याचा वाटा दिला; समालोचक म्हणून त्या खेळाने त्यांना लौकिकही दिला. परंतु कबड्डी, खो-खो, कुस्ती, शरीरसौष्ठव यांना त्यांनी पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसविले नाही. त्यांच्या पंगतीत हे खेळ घरचे म्हणून बसले. गिरणगावातल्या मातीवर दिव्यांच्या उजेडात होणारे सामने, व्यायामशाळांची मंडळे, त्यांचे उस्ताद आणि वस्ताद, ही दुनिया मुंबईत पूर्वीपासून होतीच. ती छापील अक्षरात नव्हती.

छापील अक्षरात नसणे म्हणजे काय, हे क्रिकेटशी तुलना केल्याशिवाय कळत नाही. क्रिकेटचा धावफलक हाच त्या खेळाचा इतिहास असतो. १८९५ साली नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू कोणत्या सामन्यात किती धावा काढून कसे बाद झाले, हे आज शंभर वर्षांनंतरही शोधून काढता येते. त्याच नागपूर-वऱ्हाडात त्याच काळी हुतुतूच्या मैदानावर नाव गाजविणारे किती गडी होऊन गेले असतील! त्यांच्यापैकी एकाचेही आकडे कोणाजवळ नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिले ती माणसे गेली आणि खेळाडूही त्यांच्याबरोबर गेला. खेळ नष्ट झाला नाही, परंतु खेळणाऱ्याची स्मृती नष्ट झाली. वास्तविक कबड्डी काय किंवा खो-खो काय, यांची नोंद ठेवता येत नाही असे मुळीच नाही. खो-खोच्या बातमीत अमुक खेळाडूने दोन मिनिटे वीस सेकंद संरक्षण केले आणि आक्रमणात तीन गडी टिपले, तमुक संघ एक डाव राखून जिंकला, एवढे चार आकडे आले की जाणकाराच्या डोळ्यांपुढे सामना उभा राहतो. हे चार आकडे दररोज, न कंटाळता, नावानिशी छापण्यासाठी एक पान हवे होते आणि त्या पानामागे आग्रह धरणारा माणूस हवा होता.

आम्ही शाळेत शिकत होतो त्या काळी मुंबईचा अंक वाशिमला ताजा मिळत नसे. येथील वाचनालयात तो शिळा होऊन येई आणि तरीही त्याच्यासाठी झुंबड असे. आमचे एक खेळशिक्षक (खेळशिक्षक म्हणजे वास्तविक भूगोलाचे शिक्षक; शिट्टी त्यांच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी अडकविली होती) तो अंक उघडून राज्य कबड्डी स्पर्धेचा वृत्तांत आम्हा मुलांना मोठ्याने वाचून दाखवीत. वाचता वाचता ते मध्येच थांबत आणि विचारीत, "कोपरारक्षकाने येथे काय करावयास पाहिजे होते?" पाहिलेल्या सामन्यावर प्रश्न विचारणे निराळे. न पाहिलेल्या सामन्यावर, केवळ छापील मजकुराच्या आधारे, असा प्रश्न विचारता यावा आणि मुलांना त्याचे उत्तर देता यावे, इतका तो मजकूर नेमका असे. पुढे आम्ही स्वतः शाळेत मराठी शिकवू लागलो, तेव्हा वृत्तांतलेखन हा पाठ घेताना आमच्या मनासमोर पाठ्यपुस्तकातला उतारा नसे, तो कबड्डीचा वृत्तांत असे.

मराठीच्या शिक्षकाला या पानाबद्दल आस्था वाटण्याचे आणखीही एक कारण आहे, आणि ते सांगितल्यावाचून आम्हाला राहवत नाही. क्रिकेट हा साहेबाचा खेळ. त्याची परिभाषा इंग्रजी. ती मराठीत आणताना आपल्या लोकांनी केवळ शब्दकोश उघडला नाही, ते आपल्या मैदानांवर गेले. फलंदाज त्रिफळाचीत होतो, पायचीत होतो, धावचीत होतो, यष्टिचीत होतो. हे 'चीत' कोठून आले? तांबड्या मातीच्या आखाड्यातून आले. पाठीला माती लागून आकाशाकडे तोंड झालेला मल्ल म्हणजे चीत. क्रिकेटमध्ये कोणाची पाठ जमिनीला लागत नाही, तरीही पराभवाचा तो शब्द मराठी माणसाने तेथे नेऊन बसविला आणि तो असा काही चपखल बसला की आता त्याचे मूळ सांगावे लागते. 'गडी बाद' मधला गडी हुतुतू-आट्यापाट्यांतून आला. डाव हा शब्द तर कुस्तीपासून पत्त्यांपर्यंत आधीच मुरलेला होता. सहा चेंडूंचे षटक, धावेविना गेलेले ते निर्धाव षटक, चौकार, षटकार, झेल हे सारे शब्द आज शाळकरी पोराच्या तोंडी आहेत. ते कोणा एकाने घडविले नाहीत. पुण्याचे कै. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी ते आकाशवाणीवरून कानांत रुजविले, आणि वृत्तपत्रांतील क्रीडापानांनी ते रोज छापून डोळ्यांना सरावाचे केले. पंडित २०१५ मध्ये गेले. बोलण्यात आणि लिहिण्यात दोन्हीकडे वावरलेले करमरकर त्या पिढीतल्या शेवटच्या काहींपैकी होते.

आम्हाला असे वाटते की आखाडा आणि खो-खोचे मैदान ज्याने पोटतिडकीने पाहिले आहे त्यालाच क्रिकेटचे मराठी नीट लिहिता येते. सिली पॉइंटला आणि गुगलीला मराठी शब्द सापडला नाही म्हणून काही बिघडले नाही. ते आहेत तसे राहिले आणि चांगले नांदले. परंतु अलीकडे 'परफॉर्मन्स', 'मॅचविनर', 'कमबॅक' यांनी भरलेली जी वाक्ये वाचावयास मिळतात, त्यांतील पाहुणा गरजेपोटी आलेला नाही, यजमानाच्या आळसामुळे आला आहे.

करमरकर केवळ कौतुककर्ते नव्हते. देशी खेळांचा कैवार घेणारा लेखक पुष्कळदा त्या खेळांच्या संघटकांचाही भाट होतो. कारण बातमी त्यांच्याकडूनच येते, व्यासपीठावरची खुर्चीही त्यांच्याकडूनच मिळते. करमरकरांनी खेळाचा कैवार घेतला आणि संघटकांशी वाद घातला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या खटपटीने कबड्डी १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत प्रात्यक्षिक म्हणून आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ म्हणून पोहोचली, हा गौरवाचा इतिहास आहे. त्याच कबड्डीत २०१८ साली जकार्ता येथे भारताचे पुरुष उपांत्य फेरीत आणि महिला अंतिम फेरीत इराणकडून हरल्या, हाही इतिहासच आहे. पहिली गोष्ट आनंदाने आणि दुसरी गोष्ट कारणांसह लिहिणारा लेखक एकच असावा लागतो. दोन निरनिराळी माणसे ही दोन कामे करू लागली की एक खुशमस्कऱ्या होतो आणि दुसरा निंदक.

करमरकरांच्या पाठोपाठ ६ फेब्रुवारी २०२५ रोजी द्वारकानाथ संझगिरीही गेले. मुंबई महापालिकेत अभियंत्याची नोकरी सांभाळून त्यांनी क्रिकेटवर, चित्रपटांवर, प्रवासावर उदंड लिहिले. 'एकच षटकार' हे पाक्षिक तर १९८३ च्या विश्वविजयानंतरच्या मराठी तरुणाला तोंडपाठ होते. संझगिरींची शैली रंगेल, कोटीबाज, गाण्यांत आणि सिनेमांत रमणारी. वाचक त्यांच्याशी गप्पा मारावयास बसे. करमरकरांच्या पानाशी वाचकाचे नाते निराळे होते. तेथे तो माहिती विचारावयास येई आणि ती मिळाल्याखेरीज परत जात नसे. दोघांत उजवेडावे करण्याचे आम्हाला प्रयोजन नाही. परंतु संझगिरींसारखे लिहू पाहणारे आज शेकडो आहेत आणि करमरकरांसारखे काम करू पाहणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील, हे नमूद करणे भाग आहे.

आता वाशिमकडे वळू. आपल्या वऱ्हाडाला खेळांचा वारसा नाही असे कोणी म्हणू धजणार नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला आणि त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत कबड्डी व इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९५७-५८ पासून रणजी करंडकात उतरणाऱ्या विदर्भाला पहिले अजिंक्यपद २०१७-१८ च्या हंगामात मिळाले. तेव्हापासून त्याने आणखी दोनदा, २०१८-१९ मध्ये आणि २०२४-२५ मध्ये, तो करंडक जिंकला. हे सारे झाले अमरावतीचे आणि नागपूरचे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा या इतिहासात दिसत नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांत मुले खेळत नव्हती म्हणून तो दिसत नाही काय? जत्रेतल्या कुस्त्या होत आल्या आहेत, शंकरपटाला गावेच्या गावे लोटत आली आहेत, शाळांच्या मैदानांवर पावसाळ्यानंतर खो-खोचे खांब रोवले जात आहेत. जे नाही ते फक्त लिहिलेले नाही.

खेळाडूच्या नावाची छापील नोंद हा केवळ हौसेचा किंवा आईबापांच्या अभिमानाचा विषय राहिलेला नाही, हे आमच्या सुशिक्षित वाचकांनी विशेषेकरून ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना क्रीडाप्रावीण्याचे वाढीव गुण मिळतात. या सवलती योग्यच आहेत. परंतु जेथे सवलत आली तेथे तिच्यावर डोळा ठेवणारे आले. बनावट क्रीडाप्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे गेल्या काही वर्षांत राज्यात उघडकीस आली आहेत. न झालेल्या स्पर्धा झाल्या म्हणून दाखविणे आणि न खेळलेला खेळाडू खेळला म्हणून दाखविणे सोपे केव्हा होते? स्पर्धा झाली तेव्हा तिची जाहीर नोंद कोठेही नसते तेव्हा. एका खोट्या प्रमाणपत्राने जी जागा जाते, ती एखाद्या खऱ्या खेळाडूची असते; आणि हा खरा खेळाडू बहुधा अशाच एखाद्या तालुक्यातला असतो, ज्याच्या मागे ना संघटनेचा पदाधिकारी असतो ना वकील. वृत्तपत्रातील कात्रण हे प्रमाणपत्र नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु अमुक तारखेला अमुक मैदानावर कोणते बारा खेळाडू उतरले हे त्याच आठवड्यात चार हजार लोकांनी वाचलेले असले, तर तेरावे नाव मागाहून घुसविणे अवघड जाते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष व महिला या दोन्ही गटांत अंतिम सामन्यात नेपाळला नमवून भारताने अजिंक्यपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात सर्व वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर त्यांची छायाचित्रे छापली आणि ते योग्यच झाले. परंतु विश्वविजेत्याचे नाव छापावयास क्रीडासंपादक लागत नाही. ते काम तारा आणि दूरचित्रवाणी आपोआप करून टाकतात. क्रीडासंपादकाची परीक्षा होते ती त्या खेळाडूचे नाव तालुक्याच्या संघात प्रथम येते त्या दिवशी. आज २००८ पासूनची आयपीएल आणि २०१४ पासूनची प्रो कबड्डी यांनी क्रीडापाने रंगीत झाली आहेत, आणि प्रत्येक चेंडूची बातमी तो सीमारेषा ओलांडण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर येऊन थडकते. मोठ्या सामन्यांसाठी वाचकाला जिल्ह्याच्या दैनिकाची आता फारशी आवश्यकता उरलेली नाही. लहान सामन्यांसाठी मात्र त्याला दुसरे कोणीही उरलेले नाही.

दुर्दैवाने लहान सामन्यांच्या ज्या बातम्या आमच्यासारख्या कार्यालयांत येतात, त्यांत खेळ कमी आणि उद्घाटन अधिक असते. फीत कोणी कापली, नारळ कोणी फोडला, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणी केले व आभार कोणी मानले, ही सर्व नावे आडनावांसह व पदांसह बिनचूक लिहिलेली असतात. शेवटच्या ओळीत 'मुलींच्या गटात अमुक विद्यालयाने बाजी मारली' असे असते. ज्या नऊ मुलींनी ती बाजी मारली त्यांतील एकीचेही नाव नसते. शिक्षकांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पाहुण्याचे नाव गळले तर त्यांना जाब विचारला जातो आणि मुलीचे नाव गळले तर कोणी विचारीत नाही, ही त्यांची अडचण आम्ही त्याच खुर्चीवर बसून अनुभवली आहे.

यास्तव या दैनिकाने येत्या शालेय क्रीडाहंगामापासून तालुका व जिल्हा पातळीवरील कबड्डी, खो-खो आणि कुस्ती यांच्या स्पर्धांचे संपूर्ण गुणफलक १४, १७ व १९ वर्षांखालील तिन्ही गटांसाठी, मुलांचे व मुलींचे, छापण्याचे ठरविले आहे. त्यासाठी जागा राखून ठेवली आहे आणि जाहिरात आली म्हणून ती दिली जाणार नाही. उद्घाटनाची छायाचित्रे कृपया पाठवू नयेत. क्रीडाशिक्षकांनी सामन्याच्या दिवशी सायंकाळी सात वाजेपर्यंत निकाल आमच्या कार्यालयाकडे पोहोचता करावा. खेळाडूचे संपूर्ण नाव, शाळा व गाव सुवाच्य लिहावे. खो-खोच्या निकालात संरक्षणाची मिनिटे व सेकंद आणि टिपलेले गडी, कबड्डीत चढाई व पकडीचे गुण, कुस्तीत वजनगट आणि निकाली डाव अवश्य नोंदवावा. नावे दोन्ही संघांची पाठवावीत, हरलेल्या संघाचीही.